आधी नुसतं बसायला शिका

रानातल्या प्राणी-पक्ष्यांचे फोटो काढायचे असतील, तर लेन्स कोणती घेऊ, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी एकच पाणवठा निवडा आणि आठवडाभर रोज कॅमेऱ्याशिवाय तिथे जाऊन बसा. कोण कधी येतं, कुठून येतं, ते बघा. खंड्या मासा पकडून आला की गिळण्याआधी तो फांदीवर आपटतो, आणि बहुतेकदा ठरावीक फांदीवरच येतो. ती फांदी कळली की अर्धं काम झालं! हरणांना मात्र आपला वास लांबूनच लागतो, म्हणून वारा त्यांच्याकडून आपल्याकडे येईल अशी जागा धरा.

फोकस डोळ्यावर ठेवा. पळत्या प्राण्याला शटर (फोटो टिपताना कॅमेऱ्याचा पडदा उघडा राहतो तो वेळ) १/१००० सेकंद, उडत्या पक्ष्याला १/२०००. पहाटे उजेड कमी असला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, बिनधास्त वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही.

एक मनापासून सांगतो. चरता चरता हरणाने मान वर केली, कान तुमच्याकडे वळवले आणि ते थिजलं, की तुम्ही फार जवळ गेलात. हळूच मागे सरका. घरट्याजवळ तर जाऊच नका. आईबाप बिचकून दूर राहिले की अंडी गार पडतात, पिल्लं उपाशी राहतात. तसा फोटो हुकला तरी हुकू द्या.