अ‍ॅलेक्सिथायमियाला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न एका कबड्डी प्रशिक्षकांचा आहे. खेळाडूंच्या मानसिक तयारीवर मराठीत टिपण लिहिताना ते 'अ‍ॅलेक्सिथायमिया'पाशी अडले. आपल्याला राग आलाय की भीती वाटतेय हे खेळाडूला ओळखता येत नाही, सांगताही येत नाही, या अवस्थेला मराठी शब्द कोणता? 'भावनांधता' चालेल का, असंही त्यांनी विचारलंय.

'भावनांधता' नको. 'रंगांधत्व'च्या चालीवर तो सुचणं साहजिक आहे, पण कामांध, मदांध, धर्मांध हे शब्द कानात इतके मुरलेत की 'भावनांध' म्हटलं की भावनेच्या भरात पंचांवर धावून जाणारा गडी डोळ्यांपुढे येतो. म्हणजे अर्थ नेमका उलटा झाला. 'भावनाशून्य'ही चुकीचा. या खेळाडूंना भावना असतात. छाती धडधडते, घशाला कोरड पडते, फक्त ती धडधड कशाची याचा पत्ता लागत नाही.

'निर्विकार' तर आपल्याकडे कौतुकाचा शब्द, आणि घोळ इथेच होतो. महेंद्रसिंग धोनीला आपण वर्षानुवर्षं निर्विकार म्हणत आलो. त्यानेच २०१९ मध्ये सांगितलं होतं की मलाही राग येतो, निराशा येते, मी ते इतरांपेक्षा जरा बरं आवरतो. आता बघा, 'राग' आणि 'निराशा' अशी दोन वेगळी नावं ज्याला घेता येतात, त्याचा चेहरा कितीही कोरा असो, तो अ‍ॅलेक्सिथायमियात बसत नाही. भावना आवरणं वेगळं, ती न ओळखणं वेगळं. 'घुमा' आणि 'मुखदुर्बळ' हे शब्द याच कारणाने बाद. घुम्याला सगळं कळतं, तो बोलत नाही एवढंच.

मूळ शब्द पीटर सिफनिऑस या बोस्टनमधल्या, मूळच्या ग्रीक मनोविकारतज्ज्ञांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवला. त्यातला 'अ' आपल्या 'अबोल'मधलाच, नकाराचा. 'लेक्सिस' म्हणजे शब्द, 'थायमॉस' म्हणजे चित्तवृत्ती. हा आजार नव्हे, स्वभावाचा पैलू आहे. कोणात कमी, कोणात जास्त. तो मोजायला टोरांटोची वीस विधानांची प्रश्नावली वापरतात. तिच्यात भावना ओळखण्यातली अडचण आणि सांगण्यातली अडचण या दोन्ही वेगवेगळ्या मोजतात. तिसरा भाग असतो लक्ष कायम बाहेर असण्याचा, म्हणजे आत काय चाललंय यापेक्षा समोर काय घडलं त्यातच गुंतण्याचा.

या तिसऱ्या भागासाठी मराठीत एक गंमत आहे, खरं तर अडचण. आपलं 'वाटणे' हे क्रियापद भावना आणि मत दोन्ही वाहतं. सामना हरल्यावर "तुला काय वाटतं?" विचारा, उत्तर येतं, "मला वाटतं, शेवटच्या चढाईला कोपरा उघडा पडला." वाक्य 'मला वाटतं'ने सुरू झालं, पण आतलं काहीच बाहेर आलं नाही. "कसं वाटतंय?" विचारलं की "बरं" किंवा "काही नाही". आणि त्याहून पुढे गेलं की आहेच आपलं 'टेन्शन'. ते येतं, घेतलं जातं, दिलं जातं. भीती, चिंता, अपमान, घरची काळजी सगळं त्या एका पोत्यात. माझं मत विचाराल तर टिपणात हा शब्द अजिबात वापरू नये. तो उत्तरासारखा दिसतो, म्हणून पुढची चौकशीच थांबते.

धाडसी खेळांवर क्रीडा मानसशास्त्रज्ञ टिम वुडमन आणि सहकाऱ्यांचं काम वाचण्यासारखं आहे. २००८च्या त्यांच्या अभ्यासात स्कायडायव्हिंग करणाऱ्या स्त्रिया होत्या. ज्यांच्यात हा पैलू ठळक होता त्यांची चिंता उडीनंतर उतरली आणि थोड्या वेळाने पुन्हा चढली. उडी हाच त्यांचा चिंता हाताळायचा मार्ग, असा संशोधकांचा रोख.

आता शब्द. 'भावानभिज्ञता' व्याकरणाला धरून आहे, पण तो मैदानावर कोण उच्चारणार? मला 'उमगणे' जवळचं वाटतं. 'समजणे' दुसऱ्याने समजावल्यावरही होतं, उमगतं ते आपलं आपल्याला. टिपणात एकदा 'अ‍ॅलेक्सिथायमिया' लिहावं आणि पुढे सरळ 'भावना न उमगणं' म्हणावं. सांगण्याच्या अडचणीला 'भावना शब्दांत न येणं'. दोन्ही वेगळं लिहा, कारण एखाद्याला उमगतं पण शब्द सापडत नाही.

आणि खेळाडूला विचारताना 'वाटणे' टाळून अंगापासून सुरुवात करून पाहा: पोटात गोळा आला होता, हातपाय गळाले होते, की तळपायाची आग मस्तकात गेली होती? पहिली दोन भीतीकडे जातात, तिसरं रागाकडे. अंगात काय झालं हे तो बहुधा सांगू शकतो. त्याला राग म्हणायचं की धास्ती, हे मग दोघांनी मिळून ठरवा.