२ लाख किलोमीटर फिरलेली डिझेल पिकअप घ्यावी का? इंजिन अजून किती टिकेल?

आकड्याला घाबरत असाल तर घाबरू नका. २ लाख म्हणजे डिझेल इंजिनाचं म्हातारपण नव्हे. गाडी कुणाच्या हातात होती ते आधी विचारा. आमची पावणेदोन लाखांवर बसली होती. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच. आमचे दाजी मात्र आजही चार पाहुण्यांत सांगतात, "ते इंजिनच कमजोर होतं."

ओतूरहून आम्ही टोमॅटो, कांदा वाशीला न्यायचो. जाताना माळशेज उताराचा, भरलेल्या गाडीलाही त्रास नाही. येताना फक्त रिकामे क्रेट, हा माझा नियम. दाजींना तो पटायचा नाही, परतीचं भाडं सोडणं म्हणजे त्यांच्या लेखी पापच. २०१७ च्या मे महिन्यात मी तापाने पडलो म्हणून ते गेले आणि भिवंडीहून फरशी भरून निघाले. गाडी सव्वा टनाची, माल अडीच टनांच्या वर. मुरबाडपर्यंत काही कळलं नाही. घाटात भर दुपारी दुसऱ्या गिअरवर रेटत आणली तेव्हा तापमानाचा काटा लालवर गेला.

अशा वेळी गाडी बाजूला घ्यावी, इंजिन थोडा वेळ स्लोवर ठेवावं, मग बंद करून तासभर झाडाखाली बसावं. दाजींनी पाच मिनिटांत फडकं धरून रेडिएटरचं झाकणच उघडलं. झाकणाच्या दाबामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या पुढेही उकळत नाही. दाब सुटला की त्याची क्षणात वाफ होते. हात भाजला तो भाजलाच, वर टपरीवरच्या माठातलं गार पाणी तापलेल्या इंजिनात ओतलं. आणि तशीच गाडी घाटमाथ्यापर्यंत चढवली!

दुसऱ्या दिवशी मी डिपस्टिक काढली, तर ऑइल दुधाच्या चहासारखं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं तेव्हा दोन वॉल्व्हच्या मध्ये केसाएवढी चीर दिसली. नुसतं वाकलं असतं तर फेस मारून, म्हणजे मशीनवर घासून सपाट करून, भागलं असतं. नवीन हेड, गॅस्केट, बेअरिंगा, मजुरी धरून ४८ हजार गेले. पण मेस्त्रींनी मला लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळकांडी, दाखवले. आतून घासताना कारखान्यात पडलेल्या होनिंगच्या तिरक्या रेघा पावणेदोन लाखांनंतरही जागच्या जागी. पिस्टनच्या रिंगासुद्धा बदलाव्या लागल्या नाहीत. हे कमजोर इंजिन? ती गाडी त्यानंतर आणखी २ लाख चालली.

तुम्ही बघायला जाल तेव्हा सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून बघा, कोमट लागलं तर परत फिरा. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढा. आत गंजाचं तांबडं पाणी दिसलं तर किंमत कितीही पाडू देत, सोडून द्या. मग स्टार्ट करून ऑइलचं झाकण उघडा. धूर धापा टाकत वर आला, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन मारत असेल (सिलिंडरमधला दाब रिंगांजवळून खाली निसटत असेल), तर पुढचं इंजिन काम तुमच्या खिशातून. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर पाणी आत जात असण्याची शक्यता धरा. काळा थोडाफार चालतो, बऱ्याचदा एअर फिल्टर किंवा डिझेल फवारणाऱ्या नोझलवर भागतं.

हे सगळं जुन्या गाड्यांचं झालं. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ असेल तर धुराड्यातला काजळीचा फिल्टर बघून घ्या. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारलेली गाडी असेल तर तो चोंदतो, आणि नवीन बसवायचा तर स्वस्त नाही. त्यातलं मला फारसं कळत नाही, स्कॅनरवाला मेस्त्री सोबत न्या.

आणि एक राहिलं. आमचा रेडिएटर कापून बघितला तेव्हा अर्ध्या नळ्या पांढऱ्या क्षाराने बुजलेल्या होत्या. कूलंटचे पैसे वाचवायला त्यात वर्षानुवर्षं आमच्या विहिरीचं पाणी मीच घालत होतो. मेस्त्री म्हणाले, हा साफ असता तर फरशीसकट गाडी कदाचित वर आली असती. दाजी यायच्या आधीच मी तो भंगारवाल्याला देऊन टाकला.