सिस्टर सिटीचे पाहुणे येतायत, तुमचे प्रश्न

प्रश्न: आमच्या सिस्टर सिटीचे (म्हणजे मैत्रीचा करार असलेल्या परदेशी शहराचे) महापौर बारा जणांचं शिष्टमंडळ घेऊन चार दिवसांसाठी येतायत आणि मला स्वागत समितीत घेतलंय. पहिल्याच संध्याकाळी सहा भाषणं आहेत, जरा जास्त होतायत का?

उत्तर: जरा? अहो, आधी त्यातली चार कापा. दुभाषी वाक्यावाक्याला थांबून सांगणार म्हणजे दहा मिनिटांचं भाषण वीस मिनिटांचं होतं, सहा भाषणं म्हणजे सरळ दोन तास, आणि समोर बसलेल्या माणसाच्या शरीराच्या घड्याळात तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असू शकतात. पहिला दिवस मोकळा सोडा. दुसऱ्या दिवसापासून जोड्या लावा, म्हणजे त्यांचा पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर तुमच्या इंजिनिअरबरोबर, त्यांची लायब्ररीयन तुमच्या लायब्ररीयनबरोबर, आणि त्यांना थेट कामाच्या जागी न्या, हॉलमध्ये पीपीटी दाखवत बसू नका. गळक्या पाइपपुढे उभं राहिलं की दोन इंजिनिअर भाषा येत नसली तरी बोलतात. झेंडे मात्र एका साइजचे, एका उंचीवर आणि सुलटे आहेत ना हे स्वतः जाऊन बघा, दुसऱ्यावर सोडू नका.

प्रश्न: भेट म्हणून आपल्याकडच्या झाडाची रोपं द्यायचं चाललंय. कल्पना कशी वाटते?

उत्तर: छान आहे, पण क्वारंटाइनचे नियम आधी विचारून घ्या. १९१० मध्ये टोकियोने वॉशिंग्टनला चेरीची २००० झाडं पाठवली होती, तपासणीत त्यांच्यावर कीड निघाली आणि सगळी जाळावी लागली. टोकियोचे महापौर युकिओ ओझाकी रुसून नाही बसले, १९१२ मध्ये ३०२० नवीन झाडं गेली आणि त्यातूनच तिथला चेरीचा बहर प्रसिद्ध झाला. (तेव्हा सिस्टर सिटी वगैरे काही नव्हतं.) आणि भेट महागच हवी असं कुठाय, दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीच्या आठशेहून जास्त बायकांनी आपापली नावं भरतकाम केलेला एक टेबलक्लॉथ बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या रशियातल्या स्टालिनग्राडला पाठवला होता, कोव्हेंट्रीनेही बॉम्ब सोसलेच होते, त्या दोन शहरांचं नातं कित्येक वर्षं उदाहरण म्हणून सांगितलं जायचं. पाहुण्यांच्या बॅगेत मावेल आणि फुटणार नाही असं काहीतरी द्या, दोन फुटी काचेची ट्रॉफी तेवढी नको.

प्रश्न: खरं सांगा, हे सगळं करदात्यांच्या पैशावर सहल नाहीये का?

उत्तर: कधीकधी असतेच, कशाला नाही म्हणू! ओळखायचं कसं तर सहा महिन्यांनी विचारा, त्यांचा मेल आला तर उत्तर कोण देतं? एका माणसाचं नाव पटकन सांगता आलं नाही तर सहल होती असं समजा. महापौर निवडणुकीत बदलतात, नातं टिकतं ते ऑफिसातल्या त्या एका चिवट माणसामुळे, म्हणून पाहुणे परत जायच्या आधी दोन्हीकडचा एकेक माणूस ठरवून घ्या.

प्रश्न: आमच्याकडचे काही लोक त्या देशाच्या धोरणाविरुद्ध निदर्शनं करणार आहेत. भेट पुढे ढकलायची का?

उत्तर: माझ्या मते नको. निदर्शनं होणार आहेत हे पाहुण्यांना आधीच सांगून टाका, गाडीच्या काचेतून एकदम फलक दिसले तर जास्त खराब वाटतं. पण वाद असा मिटत नाही हेही खरंय. सॅन फ्रान्सिस्को आणि ओसाका १९५७ पासून जोडलेली शहरं, जपानी सैन्याने युद्धात लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रियांचं स्मारक सॅन फ्रान्सिस्कोने शहराचं म्हणून स्वीकारलं आणि २०१८ मध्ये ओसाकाच्या महापौरांनी नातंच तोडलं. माझं मत सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने आहे, स्मारक काढून वाचवलेल्या मैत्रीचं करायचं काय?

प्रश्न: एका शहराला किती सिस्टर सिटी चालतात?

उत्तर: हव्या तितक्या. पॅरिस आणि रोम मात्र १९५६ पासून फक्त एकमेकांचीच. आणि स्कॉटलंडमधल्या डल गावाने अमेरिकेतल्या बोरिंगशी जोडी जमवली, इंग्रजीत दोन्ही शब्दांचा अर्थ कंटाळवाणं!

प्रश्न: एक पाहुण्या दोन रात्री आमच्या घरी राहणारेत. मला त्यांची भाषा येत नाही, टेन्शन आलंय.

उत्तर: बाथरूम दाखवा, वायफायचा पासवर्ड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, काय खात नाहीत ते आदल्या दिवशी समितीकडून कळवून घ्या आणि त्यांना झोपू द्या. बाकीचं सकाळी चहाकॉफीच्या वेळी बघू, मोबाइलवरचं भाषांतर आहेच.