‘डिसिजन रेकॉर्ड’ला मराठीत काय म्हणावे?

आपण विचारले आहे की, सॉफ्टवेअरच्या रचनेविषयी घेतलेले निर्णय ज्यात लिहून ठेवतात त्या ‘आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड’ला ‘वास्तुनिर्णय अभिलेख’ म्हणावे का, आणि त्यातल्या ‘सुपरसीडेड’ या शेऱ्याला ‘रद्द’ चालेल का.

माझ्या मते दोन्ही टाळावेत. ‘वास्तू’ म्हटले की मराठी वाचकाला घर आणि वास्तुशांत आठवते. ‘अभिलेख’ म्हटले की काम संपून अभिलेख कक्षात गेलेल्या फायली डोळ्यांपुढे येतात. हा मजकूर मात्र चालू कामाचा असून कोडसोबत त्याच रेपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या सामाईक साठ्यात, राहतो. त्यामुळे ‘रचनानिर्णय नोंद’ म्हणावे. बोलताना नुसते ‘निर्णयनोंद’ पुरे.

सॉफ्टवेअर रचनाकार मायकल नायगार्ड यांनी अशा नोंदींसाठी २०११ मध्ये सुचवलेल्या साच्यात शीर्षक, संदर्भ, निर्णय, स्थिती आणि परिणाम असे पाच भाग असून सगळी नोंद एकदोन पानांत आटोपावी अशी अपेक्षा आहे. ‘परिणाम’ हाच शब्द ठेवावा, कारण ‘फलनिष्पत्ती’ला उगीच यशाचा वास येतो आणि येथे तर तोटेही लिहायचे असतात. उदाहरणार्थ: ‘पैशांचा व्यवहार अर्धवट राहता कामा नये, म्हणून पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरू. परिणाम: व्यवहार पूर्ण तरी होईल, नाही तर मुळीच होणार नाही, मात्र पुढे डेटा अनेक सर्व्हरांवर विभागणे जड जाईल.’

खरी गंमत ‘सुपरसीडेड’ची आहे. ‘रद्द’ म्हटले की निर्णय मोडीत निघाला एवढेच कळते; त्याची जागा दुसऱ्या निर्णयाने घेतली, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी नेमका शब्द महाराष्ट्राच्या शासन निर्णयांत रुळलेला आहे: ‘अमुक दिनांकाचा शासन निर्णय अधिक्रमित करून…’. सरकारी मराठीला आपण एरवी नावे ठेवतो, पण ‘वाचा’ या मथळ्याखाली आधीचे निर्णय क्रमांक-दिनांकासह देण्याची तिची शिस्त येथे थेट उचलण्याजोगी आहे. फरक इतकाच की शासन निर्णय हा आदेश असतो, तर निर्णयनोंदीत कारण आदेशाइतकेच महत्त्वाचे असते. सहा महिन्यांनी चमूत आलेला माणूस ‘असे का केले?’ हेच आधी विचारतो.

तेव्हा नवा निर्णय झाला की त्याला नवा क्रमांक द्यावा आणि जुन्या नोंदीत केवळ स्थिती बदलावी: ‘अधिक्रमित, पाहा नोंद ३१’. बाकीच्या मजकुराला हात लावू नये.