1960 च्या दशकातल्या 66 इंची हॉइट प्रो मेडॅलिस्ट या रिकर्व्ह धनुष्याला (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) कोणती दोरी लावावी?

डेक्रॉन बी-50 या थोड्या ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याचीच. फास्ट फ्लाइटसारखी आधुनिक धाग्याची दोरी जवळपास ताणत नाही, त्यामुळे सगळा झटका लिम्बच्या (धनुष्याच्या वाकणाऱ्या बाहूंच्या) टोकांवर येतो. जुनी टोकं तेवढी मजबूत केलेली नसतात, खाचेपाशी चिरतात. 66 इंची धनुष्याला दोरी साधारण 62 इंच, 40 पाउंडांपर्यंतच्या ओढीला 12 पदर पुरतात.

चढवण्याआधी लिम्ब पाहा. फायबरग्लासवरच्या लांबीच्या दिशेच्या बारीक रेषा बहुधा निरुपद्रवी. आडवी चीर किंवा थर सुटलेला दिसला तर धनुष्य भिंतीवरच शोभेल. दोरी स्ट्रिंगरनेच (दोरी चढवायच्या साधनानेच) चढवा, पायात अडकवून वाकवलं की लिम्ब पिळतात. ब्रेस हाइट, म्हणजे मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर, 8 इंचांपासून सुरू करा, मग दोरीचा पीळ वाढवत बाण सोडतानाचा आवाज सर्वांत मऊ येईल तिथे थांबा. बाण न लावता मात्र ताणलेली दोरी कधीच सोडू नका.