‘म मगरीचा’ येतं, ‘मगर’ येत नाही

प्रश्न : माझा नातू साडेपाच वर्षांचा आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणून मराठी मी घरी घेते. भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता लावलाय. ‘अ अननसाचा’पासून ‘ज्ञ ज्ञानेश्वरांचा’पर्यंत सगळा घडाघडा म्हणतो. पण पाटीवर ‘मगर’ लिहून दिलं की वाचतो, “म मगरीचा, ग गणपतीचा, र रथाचा.” पुढे गाडी हलत नाही. लेक म्हणते, आई, नाद सोड. काय करू?
– एक आजी, नाशिक रोड

उत्तर : आजी, नाद सोडू नका, तक्ता तेवढा काढून ठेवा.

नातवाला अक्षरं येत नाहीत असं नाही. त्या आकाराचं नाव ‘म मगरीचा’ आहे असं आपणच त्याला सांगितलं, ते तो इमानदारीत सांगतोय. त्या आकाराचा आवाज काय, हे त्याला कुणी विचारलंच नाही. तक्त्यावर अक्षराची गाठ चित्राशी पडते, आवाजाशी पडेलच असं नाही. माझ्या बालवाडीत एका मुलीने ‘ए’वर बोट ठेवून खणखणीत आवाजात ‘मेंढी’ म्हटलं होतं. चित्रात एडका होता. हा शब्दच तिच्या कानावरून गेलेला नव्हता, मग तिने दिसलं ते सांगितलं. ‘ऐ’च्या ऐरणीवर हातोडा काढलेला असेल तर निम्मा वर्ग ‘हातोडा’ म्हणणार. आजच्या मुलांनी ऐरण पाहिलीय कुठे?

आधी पाटी बाजूला ठेवून कानाचं काम करा. भाजी निवडताना सहज होतं. “माझ्या पिशवीत ‘ब’ने सुरू होणारं काहीतरी आहे, ओळख!” तो बटाटा म्हणेल, बशी म्हणेल, ‘बस’ही म्हणेल. पिशवीत बस कशी मावेल यावर दोघं हसा, पण उत्तर बरोबर धरा. मग “बटाटा, बशी, तवा, यातला कोण वेगळा?” हे जमलं की शब्द तोडून द्या : “बा… ग. काय झालं?” आणि उलटं, “‘रात’ तोडून दाखव.” एकेका तुकड्याला एक टाळी. इथे अक्षर दाखवायचं नाही, सगळं तोंडी. तोडलेला शब्द ज्याला कानाने जोडता येत नाही, त्याला तो डोळ्यांनी वाचताही येत नाही. पुष्कळ घरी ही पायरी गाळून थेट गिरवायला बसवतात, आणि मग मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खातं.

आता अक्षरं. अठ्ठेचाळीस एकदम नकोत. म, ब, त, र, ग ही पाच घ्या आणि सोबत काना. एवढ्या भांडवलावर काय काय होतं बघा : मामा, बाबा, बाग, राग, रात, तार, गारा, आणि तुमची ती मगर. पहिल्याच आठवड्यात पोराला ‘मामा’ वाचता आलं तर ते घरभर सांगत सुटेल. अक्षरं अशी गटागटाने देऊन लगेच शब्द वाचायला लावायचे, ही वाट मराठीत नवी नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी या कामात वर्षानुवर्षं घातली. वर्णमालेचा क्रम सुंदर आहे, कंठापासून ओठांपर्यंत आवाज कसे सरकत येतात ते त्यात दिसतं. पण तो कळायला आधी वाचता यावं लागतं. साडेपाच वर्षांच्या मुलाला ‘क ख ग घ ङ’मधल्या ङचं काय करायचं?

गट करताना दिसायला सारखी अक्षरं एकत्र आणू नका. भ आणि म, घ आणि ध, ब आणि व, थ आणि य. एक पक्कं झाल्यावरच दुसरं.

शिकवायचं असं. ताटात रवा पसरा. तुम्ही बोटाने ‘म’ काढा आणि काढता काढता ‘म’ म्हणा. मगर नाही, मका नाही, नुसता ‘म’. मग त्याचं बोट, त्याचा आवाज. बोट फिरतं आहे आणि तोंड गप्प, असं होऊ देऊ नका, सगळी मेख तिथे आहे. जुन्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं काढून कापून घ्या आणि दोन चिठ्ठ्या हळूहळू जवळ सरकवा : रा… त, रा.. त, रात. आणायला पैसे लागतील असं यात काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षण उभं केलं, तेही शिंपले, बिया, पानं अशा आसपासच्याच वस्तूंवर.

‘म ला काना मा’ सध्या नको. नाहीतर तो ‘मामा’ वाचताना “म ला काना मा, म ला काना मा” म्हणेल आणि तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल. म आणि मा शेजारी ठेवा, दोन्ही म्हणून दाखवा, बस. काना हे नाव लिहिताना उपयोगी पडतं, तेव्हा सांगा. कान्यानंतर दुसरी वेलांटी घ्या. पहिली वेलांटी येते अक्षराच्या आधी आणि बोलली जाते नंतर, तिथे मुलं अडकतात. तिला थोडं थांबू दे.

ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरू होत नाही. त्यामुळे ‘ण बाणाचा’ म्हटल्यावर मुलाच्या कानाला ‘ब’ लागतो. त्यांच्यासाठी शेवटचा आवाज विचारा : बाण, नळ. घरी ‘पानी’ म्हणणारं मूल असेल तर त्याच्या बोलण्याला हसू नका, ण उशिरा घेतला तरी चालतो. आणि च, ज, झचे दोन-दोन आवाज समजावत बसू नका. चाक आणि चिमणी, माझा आणि माझी, तो रोज बरोबरच बोलतो. वाचताना जीभ आपली आपण वळते.

खरंच वाचतोय की आठवून सांगतोय, हे पाहायचं असेल तर बिनअर्थाचे शब्द द्या. ‘तगामा’, ‘रबाता’. पोरं खिदळतात, पण अक्षर बघितल्याशिवाय सुटका नसते. रोज दहा मिनिटं पुरे. तो आणखी मागत असतानाच उठा.

प्रश्न : मुलीच्या शाळेत फोनिक्स शिकवतात, ‘सी’ला ‘क’ म्हणायचं वगैरे. त्याच वेळी घरी मराठी अक्षरं सुरू केली तर गोंधळ होईल का?
– एक बाबा, ठाणे

उत्तर : नाही. दोन्हीकडे विचारायचं एकच : हे चिन्ह दिसलं की तोंडातून कोणता आवाज काढायचा? मराठीत तर अक्षराचं नाव आणि आवाज जवळजवळ एकच, त्यामुळे ती इथे लवकर वाचू लागली तर नवल नाही. शाळेतली ‘कॅट’ आणि ‘बॅट’ घरीही खुशाल लिहून दाखवा. ॲ आणि ऑ राज्य सरकारच्या २००९च्या निर्णयापासून आपल्या वर्णमालेत रीतसर आहेत. दोन्ही लिप्या एकाच बैठकीत मात्र नकोत.

एक बघा. मोबाइलवर अक्षरांचे व्हिडिओ दाखवत असाल तर त्यातले पुष्कळसे हिंदीचे असतात. तिथला ल दंडाचा असतो, आपला पाकळ्यांचा. श चंही वळण वेगळं. मुलगी विचारेल, बाबा, ल असा का? दोन्ही ‘ल’च आहेत, आपण असा काढतो, एवढंच सांगा आणि पाकळ्यांचा गिरवून घ्या.