कपाटातला प्रोजेक्टर आधी बाहेर काढा

आपले पत्र मिळाले. मुलीला बारावी विज्ञान शाखेत ७१ टक्के गुण मिळाले, सीईटीचा पर्सेंटाइल अपेक्षेहून बराच खाली आला, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत मात्र तिला ‘अ’ श्रेणी आहे आणि तिला ‘न्यू मीडिया आर्ट’मध्ये, म्हणजे संगणक, ध्वनी आणि प्रक्षेपण यांतून घडणाऱ्या कलेत, काम करायचे आहे, एवढे आपण पहिल्या पाच-सहा ओळींत सांगितले आहे. उरलेली दोन पाने तिच्या गटाविषयीच्या तक्रारीची आहेत. नागपूरच्या महाल आणि इतवारी भागातली सहा मुले, त्यांतली दोन पॉलिटेक्निकची, एक चित्रकला महाविद्यालयाचा, एकत्र जमतात. मायक्रोफोन, आर्डुइनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि जुना प्रोजेक्टर वापरून त्यांनी मारबतीच्या, म्हणजे पोळ्यानंतर इडापिडा घालवण्यासाठी निघणाऱ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीवर एक काम केले आहे, ज्यात प्रेक्षकांनी ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असे ओरडले की आवाजाच्या चढउताराप्रमाणे भिंतीवरचे चित्र बदलते. आता विदर्भातल्या अशा मुलांना एकमेकांचा आधार मिळेल असे जाळे उभारण्याचा आराखडा आपल्या मुलीने लिहिला आहे, आणि तो आपण ‘स्वतःचे ठिकाण नाही आणि गावाची उठाठेव’ असा शेरा मारून पत्राला जोडला आहे. आपण दोन गोष्टी विचारता: मॅनेजमेंट कोट्यातून संगणक अभियांत्रिकीला प्रवेश घ्यावा का, आणि हा नाद सोडून देण्याविषयी मी तिची समजूत घालावी का.

दुसरे काम मी करणार नाही. पहिल्या प्रश्नाकडे नंतर वळू, कारण आपल्या पत्रातल्या ज्या वाक्याने मला सर्वाधिक अस्वस्थ केले ते गुणांविषयीचे नाही. प्रवेशाचा निर्णय होईपर्यंत गटाचा प्रोजेक्टर आपण कपाटात कुलूपबंद करून ठेवला आहे, असे आपण सहज, जणू मोबाइल काढून घेतल्यासारखे, लिहिले आहे. तो प्रोजेक्टर सहा मुलांनी वर्गणी काढून जुन्या बाजारातून घेतला, हेही आपणच त्याआधीच्या परिच्छेदात सांगता. म्हणजे आपण आपल्या मुलीला शिक्षा करताना इतर पाच घरांतल्या मुलांची वस्तू अडकवून ठेवली आहे, आणि तिला त्या पाच जणांसमोर अशा स्थितीत आणले आहे की यापुढे सामाईक वस्तू तिच्या घरी ठेवताना प्रत्येक जण दोनदा विचार करील. अशा गटाचे सगळे भांडवल विश्वासाचे असते, आणि तेच आपण खर्च करत आहात. प्रवेशाविषयी आपल्याशी कितीही मतभेद असले तरी वडील म्हणून काळजी करण्याचा आपला अधिकार मला मान्य आहे. हे कुलूप त्या अधिकारात बसत नाही. ते आज काढावे, आणि शक्य झाल्यास त्या मुलांना आपण स्वतः तसे सांगावे.

आपल्या काळजीच्या मुळाशी असलेला समज मात्र नीट तपासण्यासारखा आहे. ‘ही श्रीमंत देशांची चैन आहे, आपल्याकडे या कलेला आधार देणारे कोण आहे?’ असे आपण विचारले आहे. ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात १९७९ पासून आर्स इलेक्ट्रॉनिका हा माध्यमकलेचा महोत्सव भरतो, जर्मनीत कार्लस्रूहे येथे १९८९ मध्ये झेडकेएम हे कला आणि माध्यमांचे केंद्र स्थापन झाले, आणि तिथे सार्वजनिक पैशातून प्रयोगशाळा, तंत्रज्ञ आणि संग्रहालये उभी राहिली, हे खरेच आहे. तसे आपल्याकडे झाले नाही. पण म्हणून काहीच झाले नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. आपल्यासारख्या देशांत आधार बहुतेक वेळा कलावंतांनीच एकमेकांसाठी उभा केला. दिल्लीत १९९७ मध्ये कलावंतांनी खोज ही स्वतःची संस्था सुरू केली. २००० च्या सुमारास सीएसडीएस या समाजशास्त्रीय संशोधन संस्थेच्या छत्राखाली अभ्यासकांनी आणि रक्स मीडिया कलेक्टिव्हच्या कलावंतांनी मिळून सराय हे माध्यमांच्या अभ्यासाचे केंद्र उभारले, आणि अंकुर या संस्थेच्या साथीने वस्त्यांमधल्या मुलामुलींसाठी सायबरमोहल्ल्याच्या प्रयोगशाळा चालवल्या, ज्यांत मुक्त सॉफ्टवेअर असलेले संगणक होते. मुंबईत २००७ मध्ये कॅम्प हा गट सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी पॅड डॉट एमए हा चित्रफितींचा खुला संग्रह त्याच्या सहभागाने आकाराला आला. इंडोनेशियातल्या योग्यकर्त्यात एचओएनएफ या माध्यमकला गटाची सुरुवात १९९९ ची. ब्राझीलमध्ये मात्र सरकार पुढे आले: संगीतकार जिल्बेर्तो जिल सांस्कृतिक मंत्री असताना, २००४ पासून, वस्त्यांतल्या आणि गावांतल्या चालू गटांना ‘पोन्तोस द कुल्तुरा’ योजनेतून निधी आणि मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारी दृक्‌श्राव्य साधने देण्यात आली. त्यातही क्रम लक्षात घ्यावा, गट आधीपासून होते आणि मदत नंतर आली.

असे होण्याचे कारण या कामाच्या स्वरूपातच आहे. तैलचित्र एकट्याने काढता येते, परंतु आवाज ऐकून बदलणारे चित्र करायचे तर रेखाटन, सर्किट, प्रोग्रॅमिंग, ध्वनी आणि भर उन्हाळ्यात बंद पडलेल्या प्रोजेक्टरची दुरुस्ती, एवढे सगळे लागते, आणि हे सगळे एका माणसाला क्वचितच येते. गॅलरी असे काम सहसा विकत घेत नाहीत, यंत्रे महाग असतात आणि सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत. म्हणून ज्याला आपण उठाठेव म्हणता ती आपल्या मुलीच्या कामाची पूर्वअट आहे. गट मोडून तिला एकटीने ‘करिअर’ करायला सांगणे म्हणजे तबलजीला घरी पाठवून गायकाकडून मैफलीची अपेक्षा करणे होय.

आता मुलीच्या आराखड्याविषयी, आणि इथे माझी नापसंती तिच्या वाट्याला आहे. चार पानांत बोधचिन्ह आहे, संस्थेची नोंदणी आहे, परदेशी निधी आहे आणि नागपुरात ‘हब’ आहे. कोणत्या गावी कोण काय करतो, याची एकही ओळ नाही. परदेशी निधीचा भरवसा तर तिने आजच सोडावा. एफसीआरए या परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्याखालील नियमित नोंदणीसाठी संस्थेला किमान ३ वर्षे झालेली असावी लागतात आणि मागील ३ आर्थिक वर्षांत तिने आपल्या मूळ कार्यावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने मिळालेला परदेशी निधी दुसरीकडे वळता करण्यावरही बंदी आली, त्यामुळे दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संस्थेमार्फत पैसे मिळतील ही वाटही राहिलेली नाही. देशातल्या देशात बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे प्रकल्पाचा प्रस्ताव मराठीतही पाठवता येतो, आणि त्यासाठी बोधचिन्ह लागत नाही.

तिने आधी काय करावे, तर एक नोंदवही ठेवावी: गटाकडे कोणते यंत्र आहे, ते कोणाकडे आहे, काय बिघडले, कसे दुरुस्त केले, मारबतीच्या कामाची जोडणी कशी होती, प्रोग्रॅम कुठे जपून ठेवला आहे. तीही मराठीत, कारण या विषयाची बहुतेक माहिती इंग्रजीत आहे आणि चंद्रपूर किंवा गोंदियाच्या मुलाला आधार हवा असतो तो नेमका इथे. मिरवणुकीतल्या लोकांचे आवाज वापरले आहेत, तर संबंधित मंडळांशी बोलून त्यांची संमती घेतली का, तेही त्या वहीत असावे. पिवळ्या मारबतीची परंपरा १८८५ पासूनची सांगितली जाते, आणि ती जपणाऱ्यांनी या गटाचे काम पाहिलेले असणे हे मला कोणत्याही महोत्सवाच्या प्रमाणपत्राहून मोलाचे वाटते. दुसरे असे की तिने हिवाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला जावे. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, नाटक कंपन्यांचे प्रकाश आणि ध्वनी सांभाळणारे लोक रात्रभराचे प्रयोग गावोगावच्या तात्पुरत्या मंचांवर, मिळेल त्या विजेवर, पार पाडतात. विदर्भातले तांत्रिक आधाराचे जाळे आधीच अस्तित्वात आहे; तिच्या आराखड्यात त्याचे नाव नाही, याचे मला खरोखर आश्चर्य वाटले.

प्रवेशाविषयी थोडक्यात सांगतो. मॅनेजमेंट कोट्यात पैसे घालू नयेत. प्रोग्रॅमिंग ती आताच गरजेपुरते शिकते आहे आणि उरलेले शिकण्यासाठी चार वर्षांची नावड विकत घेण्याचे कारण नाही. बीएफएसाठी एमएएच-एएसी सीईटी, डिझाइनसाठी यूसीड आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डीएटी, या प्रवेश परीक्षांचे मार्ग आपल्याला ठाऊक असतीलच. माझे मत असे की तिने नागपुरातल्याच शासकीय चित्रकला महाविद्यालयात प्रवेशाचा प्रयत्न करावा, कारण तिथले शुल्क आवाक्यातले आहे आणि तिचा गट याच शहरात आहे. एनआयडीच्या गांधीनगर परिसरातला न्यू मीडिया डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम नंतर आहेच. कलाशिक्षण नुकतेच संपलेल्यांसाठी खोजची पीअर्स ही काही काळ तिथे राहून काम करण्याची संधी असते, आणि विद्यार्थी असतानाच कोचीच्या स्टुडंट्स बिनाले या विद्यार्थ्यांच्या कलाप्रदर्शनासाठी प्रयत्न करता येतो. कमाईबाबत आपल्याला खोटा दिलासा देणार नाही. नाटकांसाठी प्रक्षेपण, संग्रहालयांतली मांडणी, कार्यक्रमांसाठीची परस्परसंवादी कामे आणि अध्यापन यांतून लोक उपजीविका करतात, पण पहिली काही वर्षे उत्पन्न अनियमित राहते, आणि तेव्हाही हातातले काम दुसऱ्याला देणारा आणि दुसऱ्याचे काम आपल्याकडे आणणारा हाच गट असतो.

मुलीला माझ्याशी बोलायचे असेल तर तिने जरूर यावे. येताना आराखडा आणू नये, नोंदवहीची पहिली काही पाने लिहून आणावीत, आणि गटातल्या पॉलिटेक्निकच्या मुलांपैकी एकाला सोबत घ्यावे. आपण त्या दिवशी आला नाहीत तरी चालेल.